कुंपणाची भुरी आणि निर्दोष गुलाब

दात घासता घासता हातासरशी कुंपणावरही एक नजर टाकावी, असं एका माणसाने सहज ठरवलं आणि बघता बघता घरात कृषी खात्याची शाखा उघडल्यासारखं झालं.

हा माणूस मुद्रितशोधक. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाला. (स्वतःच्या चुका त्याला कधी सापडल्या नाहीत. ते खातं बायकोकडे होतं.) बायको गेली, बेसिनवरच्या पेल्यात त्याचा एकटाच ब्रश उरला, तेव्हापासून तो दात घासायला बागेत जाऊ लागला. तिथे तिने लावलेला वेलगुलाब कमानीवर चढला होता. त्याला लागूनच शेजारच्या मेट्रनबाईंचं आणि यांचं सामाईक हिरवं कुंपण. गुलाबावर शिंतोडे नकोत म्हणून तो त्याच्याकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा.

तर त्या कुंपणाच्या पानांवर एका सकाळी त्याला पांढरे ठिपके दिसले.

त्याने भिंग आणलं, लेकीने दिलेलं बागकामाचं पुस्तक आणलं. रोज सकाळी ब्रश तोंडात ठेवूनच पानांवर वाकून तो एकेक रोग मोठ्याने वाचायचा. तांबेरा? नाही, तो तांबूस. करपा? नाही, पान जळलेलं नाही. "भुरी," तो ठासून म्हणाला. "पांढरी भुकटी. भुरीच."

संध्याकाळी त्याने साबणाच्या पाण्याने पानं धुतली. ठिपके गेले. सकाळी तो पुन्हा खाली वाकला, पुन्हा निदान वाचलं, आणि थोड्या वेळाने पाहतो तर ठिपके दुप्पट.

"म्हणजे संध्याकाळी उतरतो आणि सकाळी चढतो," कुंपणापलीकडून मेट्रनबाई म्हणाल्या. इस्पितळातून निवृत्त होऊनही त्यांची राउंड सुटली नव्हती. "आणि भाऊजी, रोग फक्त तुमच्या गुलाबाजवळच आहे."

"ताई, गुलाबावर तर एक ठिपका नाही."

"वाहक असेच असतात. स्वतः धडधाकट, बाकीच्यांना आडवं करतात. वॉर्डात काय कमी पाहिलेत?"

"पण तो हिने लावलेला आहे."

वहिनींशी बाईंचं मैत्र जुनं होतं. "माहीत आहे मला. म्हणून तर रविवारपर्यंत थांबते. तोवर ठिपके गेले नाहीत, तर माळी बोलावून गुलाब मुळापासून काढू. माझं अख्खं कुंपण जायला नको."

मग मुद्रितशोधक इरेला पेटला. आता तो प्रत्येक पानाला नाक टेकवून तपासू लागला. औषध फवारलं, पानं पुसली, गुलाबाला धीर दिला. (तोही ब्रश तोंडात धरून, पाठ फिरवूनच.) जितकी तपासणी बारीक, तितकी भुरी जोरात. शनिवारी लेक राहायला आली, तेव्हा तो ठिपक्यांचं एक पान बशीत घालून तिच्यापुढे बसला. चेहरा असा, की घरात कुणाचं ऑपरेशन आहे.

लेकीने ओलं बोट पानावर फिरवलं. ठिपका गेला. तिने बोट हुंगलं.

"बाबा, भुरीला लवंगेचा वास येतो का?"

"पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

"तुमच्या टूथपेस्टला येतो."

त्याने बशी उचलून हुंगली, मग पुन्हा एकदा हुंगली. प्रूफ दोनदा तपासायची सवय.

रविवारी सकाळी माळी मोठी कात्री घेऊन आला. मेट्रनबाई पदर खोचून उभ्या. मुद्रितशोधकाने कुंपणाचा एक भाग सर्वांदेखत धुऊन पुसला, ब्रशवर भरपूर पेस्ट घेतली, तोंड फेसाने भरलं आणि कोर्टात वकील उभा राहावा तसा पानांसमोर उभा राहिला.

"भुरी, बुरशी, आणि बाकी सगळे आरोप," तो म्हणाला, "या गुलाबावर बिनबुडाचे आहेत."

एकेका 'ब'ला आणि 'भ'ला पानावर ठिपके उमटत गेले. माळी दोन पावलं मागे सरकला. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला (त्यावरही दोन ठिपके होते) आणि पान हुंगलं.

"वाहक सापडला," त्या म्हणाल्या. "कात्री ठेव रे. याला मुळापासून काढता येणार नाही."

मुद्रितशोधकाने चूळ भरली. इतकी जाहीर चूक त्याच्या नावावर आजवर कधी निघाली नव्हती, आणि इतका आनंदही त्याला बऱ्याच काळात झाला नव्हता. कमानीवर गुलाब डुलत होता. त्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून, तोंड नीट पुसून, म्हटलं, "सुटलास बाबा."

"वहिनी मला सांगायच्या," जाता जाता मेट्रनबाई म्हणाल्या, "हे दात घासतात की भिंत रंगवतात, कळत नाही."

दुसऱ्या दिवशीपासून तो बेसिनवर दात घासू लागला. लेकीने पेल्यात आपला ब्रशही आणून ठेवला होता, त्यामुळे पेला तितकासा रिकामा दिसत नव्हता. तो जिंकलेल्या माणसासारखा आरशापुढे उभा राहिला आणि गुलाबाच्या खटल्याची हकीकत आरशाला पहिल्यापासून ऐकवली.

थोड्या वेळाने बेसिनकडून लेकीचा आवाज आला.

"बाबा, पुस्तक घेऊन या. आरशाला भुरी पडली आहे."