बेटेगावच्या पानगुंडाळ्या पतंगाचा दर्जा

कोणतीही कीड जन्मतः उपद्रवी नसते. 'उपद्रवी' हा दर्जा आहे. दर्जा म्हटला की तो कुणीतरी द्यावा लागतो, देण्यासाठी कार्यालय लागतं, कार्यालयाला खुर्च्या लागतात आणि खुर्च्यांवर माणसं. एखाद्या अळीने अख्खं शेत फस्त केलं, तरी नमुना चारमध्ये तशी नोंद होईपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने ती फक्त जेवत असते.

हे मोलाचं काम करणारा 'पर्णवेष्टक पतंग वर्गीकरण, प्रसार व उपद्रव-दर्जा निश्चिती कक्ष' बोईसरला एका फरसाणाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत चालतो. (पर्णवेष्टक म्हणजे पानं गुंडाळणारा. पण असं सोपं सांगितलं असतं तर कक्ष मंजूरच झाला नसता.) संपूर्ण आशिया खंड या दोन खोल्यांच्या अखत्यारीत येतो. भिंतीवर खंडाचा नकाशा आहे. साधारण जपानच्या जागी त्यावर तेलाचा डाग पडला आहे, म्हणून तिथे पतंगांचा प्रसार 'दाट' धरला जातो.

या पतंगांची अळी पानाच्या दोन्ही कडा रेशमाने एकमेकींना शिवते आणि आत बसून हिरवा गर खरवडून खाते. बाहेरून बघणाऱ्याला पान नुसतं मिटलेलं दिसतं. शास्त्राने त्यांचं एक मोठं कुळ मानलं आहे. पण त्या कुळातले कित्येक पतंग पानं गुंडाळत नाहीत, आणि पानं गुंडाळणारे कित्येक त्या कुळातले नाहीत; आपल्या भातावरची नेहमीची अळी तर दुसऱ्याच घराण्यातली. शास्त्रज्ञ यावर वाद घालत बसले. कक्षाने एका दुपारी निकाल लावला आणि तीन गट पाडले: (अ) गुंडाळणारे व सापडणारे, (ब) गुंडाळणारे पण न सापडणारे, (क) सापडणारे पण गुंडाळताना न दिसलेले. आशियातले ९१ टक्के पतंग 'ब' गटात मोडतात. (टक्केवारी अंदाजे. न सापडणाऱ्यांची मोजणी चालू आहे.) प्रसाराची छापील यादी पालघर वेगळा जिल्हा होण्याआधीची असल्यामुळे इथले सगळे पतंग अजूनही ठाणे जिल्ह्याचे रहिवासी आहेत. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केलेली नाही.

या कक्षात कैलास कंत्राटी कीड निरीक्षक होता. माणूस हिंगोलीकडचा, सरळ, थोडा घाबरट. बायको प्रियदर्शिनी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि बेटेगावात भाड्याची खोली. सात वर्षांत हे त्यांचं चौथं गाव. मुलीने आजवर तीन शाळा बदलल्या होत्या आणि यंदा तिला पहिल्यांदा एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. आता काही झालं तरी इथून हलायचं नाही, एवढी एकच इच्छा कैलासला उरली होती.

आणि ऑगस्टमध्ये वरून पत्र आलं. 'चालू हंगामात किमान एका पतंगास उपद्रवी दर्जा न दिल्यास कक्ष बंद करण्यात येईल.' सोबत तपासणीची तारीख होती. वरिष्ठ वर्गीकरणतज्ज्ञ डॉ. दिग्विजय स्वतः येणार होते.

कैलासने पत्र वाचलं आणि त्याला हायसंच वाटलं. कारण बेटेगावच्या डोंगराकडच्या अंगाला बायडी नावाच्या शेतकरी बाईचं पंधरा गुंठे भात होतं आणि त्यावर अळीच अळी होती. कक्षाच्या पुस्तिकेप्रमाणे एका चुडाला, म्हणजे रोपांच्या एका झुबक्याला, दोन गुंडाळलेली पानं मिळाली की दर्जा पक्का. बायडीच्या भातात चुडाला पाच-पाच होती. कैलासने मोबाइलवर त्यांचे इतके फोटो काढले, की लग्नात नवरीचेही कुणी काढत नाही. मग तो निश्चिंत मनाने घरी गेला.

तपासणीला दोन दिवस उरले असताना तो पुन्हा बांधावर आला, तर शेत हिरवंगार आणि पानं सरळ.

"बायडीताई, अळ्या कुठे गेल्या?"

"बगळ्यांच्या पोटात," बायडी म्हणाली. "मी आनि माज्या पोरानं, जिवल्यानं, भातावरनं दोर फिरवला. एक टोक त्याच्या हातात, एक माज्या. आळ्या पान्यात पडल्या, बगळे टपलेलेच हायत."

"सगळ्या?"

"मंग? तुमच्यासाठी चार ठेवायच्या व्हत्या? सांगायचं ना, साहेब."

कैलास बांधावरच बसला. पुस्तिकेप्रमाणे फोटो चालत नाहीत, पान जागेवर लागतं. या बाईने कोणतीही फवारणी, कोणताही नमुना, कोणतीही पूर्वपरवानगी न घेता एका दोराने आशिया खंडाचा कक्ष बंद पाडला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं, पत्र, तारीख, मुलीची शाळा, मुलीची मैत्रीणसुद्धा.

बायडीने शांतपणे ऐकलं. "आमी दर साल दिवाळी झाली की पोरांना घेऊन वीटभट्टीवर कामाला निघतो," ती म्हणाली. "शाळा सुटते म्हंजे काय, ते मला नका सांगू. पानं मी गुंडाळून देते. पन एक. माज्या भातावर औषध नाय मारायचं. खेकडे मरतात, मासे मरतात. आमी खायचं काय?"

कैलासने शब्द दिला.

मंगळवारी बायडी आणि तिच्या दोन जावा कामाला लागल्या. पान उभं दुमडायचं, वर गवताच्या बारीक पातीची गाठ. कैलासही पँट वर दुमडून चिखलात उतरला. पहिली वीस पानं फाटली, मग हात बसला. संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीस पानं झाली, त्यातली चाळीस कैलासची. (गुणवत्तेच्या दृष्टीने ती वेगळी मोजावी लागतील.)

बुधवारी डॉ. दिग्विजय आले. बांधावर उभं राहून त्यांनी एक पान मागवलं आणि भिंगाखाली उलगडलं. आत अळी नव्हती, विष्ठा नव्हती, खरवडल्याची एक रेघ नव्हती. एखाद्या नवशिक्याच्या मनात इथे शंका आली असती. डॉक्टरांचा अनुभव तीस वर्षांचा असल्यामुळे तसं काही झालं नाही. कक्षप्रमुख खंडेराव वही घेऊन शेजारी उभे होते, त्यांनी निष्कर्ष टिपून घेतले. ही अळी पान गुंडाळते, पण खात नाही, म्हणजे वृत्ती निरिच्छ. स्वच्छतेची आवड असाधारण. रेशमाऐवजी गाठ मारते आणि गाठ उजव्या हाताची आहे. पानं सुकण्याच्या प्रमाणावरून ती सकाळी नऊ ते साडेपाच काम करते आणि दुपारी एक ते दोन थांबते.

"आशियात अशी नोंद नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

नवी जात जाहीर झाली. शोधकाने स्वतःचं नाव देणं शिष्टसंमत नाही, म्हणून जातीला 'दिग्विजय' हे नाव खंडेरावांनी सुचवलं. (चिठ्ठी डॉक्टरांनी गाडीतच दिली होती.)

दोन दिवसांनी कैलासला पाकीट मिळालं. त्यात दोन कागद होते. पहिल्यावर त्याच्या कंत्राटाला तीन वर्षांची मुदतवाढ होती. दुसऱ्यावर दर्जा होता: अतिउपद्रवी. कारणमीमांसा अशी, की जी अळी खातच नाही तिला विष घालणार कसं? तेव्हा औषध निरुपयोगी, आणि एकमेव उपाय म्हणून संबंधित पंधरा गुंठ्यांतलं उभं भात सोमवारपर्यंत उपटून जाळावं.

हे बायडीला सांगायला कैलास गेला तेव्हा भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्याच होत्या. "औषध नको म्हनले मी," ती म्हणाली. "जाळा म्हनले व्हते काय?"

कैलासला लाज वाटली. साहेब लोकांना भाषण करताना वाटते तशी नव्हे, खरी लाज, जिच्यात माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. घरी प्रियदर्शिनीने दोन्ही कागद वाचले.

"एक ठेव, एक परत कर," ती म्हणाली.

"दोन्ही एकाच पाकिटात आले आहेत."

"मग पाकीट परत कर."

"आणि शाळा?"

तिने दोन्ही कागद पुन्हा पाकिटात घातले. मग म्हणाली, "मैत्रिणीला पत्र लिहायला शिकवू तिला."

सोमवारी सकाळी कैलासने खंडेरावांच्या टेबलावर कबुलीजबाब ठेवला. 'पानं कोणत्याही पतंगाने गुंडाळलेली नसून, माझी नोकरी टिकावी म्हणून मी स्वतः हाताने गुंडाळली आहेत. शेतकरी बाईचा यात दोष नाही. भात जाळू नये.' सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस पानं त्याने स्वतःच्या नावावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने केलेल्या कामापेक्षा जास्त काम दाखवलं होतं, आणि तेही नुकसान सोसायला.

खंडेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांची अडचण खरी होती. नमुना चारमध्ये कबुलीसाठी रकाना नाही. 'गुंडाळणाऱ्याचे वर्णन' असा मात्र आहे. कागद आला म्हणजे तो कुठेतरी भरला पाहिजे. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टर मोजपट्टी घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

सुधारित नोंद अशी. लांबी एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. पंख नाहीत. रंग गव्हाळ, भीतीने फिकट होतो. सवय: पोटासाठी स्वतःभोवती कागद गुंडाळून घेते आणि तपासणी संपेपर्यंत आत गप्प बसते. यजमान वनस्पती: भात नाही, आस्थापना.

यजमान भात नसल्यामुळे जाळण्याचा आदेश आपोआप रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये बायडीने भात कापलं आणि खेकड्यांचं कालवण आणि भात असा डबा कैलासच्या घरी पोचवला. मुलीने तो मैत्रिणीबरोबर खाल्ला.

कारण कैलास गेला नाही. शास्त्राचा नियम आहे, की ज्या नमुन्यावरून नवी जात ठरते तो मूळ नमुना नष्ट करता येत नाही, दुसरीकडे पाठवता येत नाही आणि कामकाजाच्या वेळेत अभ्यासकांना पाहायला मिळाला पाहिजे. कैलासला कक्षात कायम करण्यात आलं. टाचणी त्याला टोचली नाही, ओळखपत्राला टोचली. अकरा वर्षांत कायम झालेला तो कक्षाचा पहिला माणूस, आणि तोही माणूस म्हणून नव्हे.

आता प्रश्न उरला प्रसाराचा. त्यासाठी कक्षाने घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत आणि सोसायट्यांत एक छापील नमुना वाटला. 'वरील वर्णनाचा जीव आपल्याकडे आढळतो काय? (स्वतःसह.)' आजवर त्रेचाळीस हजार आठशे बारा उत्तरं आली आणि प्रत्येकावर एकच शब्द होता: निरंक, म्हणजे आढळत नाही. खंडेराव हे बघून निराश झाले नाहीत. तपासणी आली की मिटून बसणं हेच या जातीचं मुख्य लक्षण असल्यामुळे, प्रत्येक 'निरंक' म्हणजे एक सापडला, असं धरण्याचं बैठकीत ठरलं आहे.

ही हकिकत वाचताना ज्यांना आपल्या ओळखीतले चार-दोन कैलास आठवले, पण स्वतःचं नाव काही आठवलं नाही, त्यांनी नमुना भरून पाठवण्याची तसदी घेऊ नये. त्यांची नोंद झाली आहे.