भोगीच्या संध्याकाळचं काळं लुगडं

भोगीच्या संध्याकाळी फुलाबाई मांडीवरच्या बाळीला थोपटत तव्यावरची तिळाची भाकरी उलटत होती. कंदील अजून लावायचा होता. तेवढ्यात भोरच्या बाजाराहून तिचा नवरा कोंडिबा मांजराच्या पावलानं आत आला. कोपऱ्यातल्या ट्रंकेत काहीतरी कोंबून त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. फुलाबाईनं मान वळवली नाही. भाकरी करपली असती. पण डोळ्याच्या कडेनं तिला दिसलंच. लुगडं! काळं कुळकुळीत.

"काय आणलं वो?"

"कुटं काय? मीठ."

"मीठ ट्रंकंत?"

"मुंग्या लागत्यात."

"मिठाला?"

कोंडिबाला एकाएकी बैलांची आठवण झाली आणि तो बाहेर गेला.

संक्रांतीचं काळं लुगडं नव्या नवरीला. फुलाबाईच्या लग्नाला तर तीन वर्षं झालेली. वेल्ह्याच्या त्या आळीत नवी नवरी एकच, समोरच्या मास्तरांची मालिनी. आणि परवाच कोंडिबानं तिची घागर उचलून दिली होती!

पहाटे तो उठायच्या आत गाठोडं आणि बाळी घेऊन फुलाबाई फाट्यावर आली. पहिल्या एसटीनं भोरमार्गे आंबवडे, माहेर. परत यायचंच नाही. बाळी रडू लागली, तशी तिला पाजायला ती रस्त्याकडं तिरकी होऊन बसली. बाजूनं एक काळी गाडी धडधडत गेली. मालट्रक असेल, म्हणून तिनं हातही केला नाही.

चहाची चूल पेटवता पेटवता फाट्यावरचा चहावाला गेनबा म्हणाला, "वैनी, यष्टी का सोडली?"

"लाल यष्टी आलीच न्हाई. काळा टरक गेला."

"टरकात कंडक्टर असतोय व्हय? आवो, ह्या येळंला तिरकं बघितलं की लाल समदं काळंच दिसतंय. माजं मुंडासं बघा की."

डोळ्याच्या कडेला काळं मुंडासं होतं. उजाडलं, तिनं मान वळवली, तर लालभडक!

फुलाबाईनं गाठोडं उचललं. ती तशीच घराकडं फिरली. वाटेत कोंडिबा धापा टाकत भेटला, हातात लाल लुगडं.

"सनाला देनार व्हतो तुला. कुटं गेलीतीस?"

"बाळीला फिरवाया."

"गाठोडं घिऊन?"

"दुपटी हायती."

"यवढी?"

फुलाबाईला एकाएकी चुलीची आठवण झाली.

संध्याकाळी ती लाल लुगडं नेसून हळदीकुंकवाला निघायच्या तयारीत होती. दिवेलागणीला कोंडिबा आला, उंबऱ्यात वाकून वहाणा काढता काढता थबकला.

"फुले, ह्ये काळं लुगडं कुनी दिलं तुला?"

फुलाबाई कंदील लावणारच होती. तिनं काडेपेटी खाली ठेवली आणि आधी काच पुसायला घेतली. सावकाश.