एक थेंबही सांडणार नाही

घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलावं आणि जमिनीवर एक थेंबही पडू नये, ही साधना आहे. आणि त्या साधनेतला मी सिद्धपुरुष आहे, असं मी त्या रविवारी दुपारी साडेचारपर्यंत समजत होतो!

"आजच बदलायला हवं का?" बायकोने विचारलं.

"अगं, सोळा वर्षं विम्याच्या कचेरीत काढली. कोण कशावरून घसरलं, कुणाचं काय सांडलं, याचे अर्ज वाचून केस पिकले माझे. जगातल्या सगळ्या चुका मला पाठ आहेत!"

"तीच तर भीती आहे. पाठ असलेलंच माणसाच्या हातून आधी होतं."

ती एवढी का धास्तावली होती, ते सांगायला हवं. आमच्या पोर्चमध्ये, गाडी उभी राहते तिथेच, एक बगळा आहे. फुटक्या कपबश्या आणि फरशीवाल्याकडचे टाकाऊ तुकडे वेचून, आठ महिने गुडघ्यांवर बसून, तिने तो जमिनीत जडवला. पंख साखरेच्या भांड्याचे, पाय निळ्या बशीचे. चोच पिवळीधमक. माझा आवडता मग कुठे गेला, ते मला त्या चोचीवरून कळलं!

पाच वाजता जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तो बगळा बघायला येणार होत्या. आवडला तर शाळेचं सबंध अंगण जडवायचं काम बायकोला. आयुष्यातलं पहिलंवहिलं काम! तेवढ्यासाठी गाडी पोर्चमधून बाहेर काढायची होती.

"काढतो की! पण रस्त्याला उतार आहे. ऑइल सपाट जागीच बदलायचं असतं. तासाभराचं काम. एक थेंबही सांडणार नाही!"

आई पायरीवर शेंगा सोलत होती. तिला बोलण्याआधी यमक सुचतं. ती स्वतःशीच गुणगुणली,

"मोठ्या बोलाचा रांजण, त्याच्या बुडाला गं भोक,
भरणारा भरी बाई, उभे हसती गं लोक!"

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना घरचे ओळखत नाहीत.

तयारी मात्र बघण्यासारखी होती! आधी चाकांच्या मधल्या जागेत जाड प्लास्टिक. त्यावर पुठ्ठे. पुठ्ठ्यांवर महिन्याभराची वर्तमानपत्रं आणि वर जुनी चादर. बगळा खरा असता तर गुदमरून मेला असता. मग गाडीची पुढची चाकं दोन उतरत्या ठोकळ्यांवर चढवली आणि दोघींना ताकीद दिली.

"काम चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही! दहातले नऊ अपघात 'अहो, ऐका ना' एवढ्यानेच होतात. कचेरीत बघितलंय मी!"

गाडीखाली सरकलो. इंजिनाच्या बुडाशी असलेला नट पान्याने सैल केला आणि काळी धार मुकाट टबात उतरली, जणू विहिरीत रात्र उतरतेय. आता त्या नटाला ऑइल चिकटलेलं. तो ठिबकला तर? मी तो फडक्यात गुंडाळला. फडकं पिशवीत घातलं. पिशवीला दोन गाठी मारल्या आणि पुडकं आईच्या हातात दिलं.

"आई, जिवापाड सांभाळ. मी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि बोलायचं तर मुळीच नाही!"

आईने पुडकं चष्म्याच्या डबीत ठेवलं. डबी मिटली. तोंडही मिटलं.

धार संपली. झोपलेलं तान्हं बाळ उचलावं तसा तो टब उचलून मी पावलापावलाने कोपऱ्यात नेला आणि नरसाळं लावून जुनं ऑइल डब्यात भरलं. एक थेंब नाही! बायकोसुद्धा हसली. किती दिवसांनी!

तेवढ्यात फाटक वाजलं. मुख्याध्यापिका बाई! अर्धा तास आधी!

"लवकर आले का?" बाई म्हणाल्या. "पण मला जमीन बघायची होती. इथे तर गाडी आहे."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की माझा विमा तिथल्या तिथे रद्द झाला.

"दोनच मिनिटं, बाई! ऑइलशिवाय इंजिन सुरू करता येत नाही. नवं ओततो, की गाडी रस्त्यावर!"

आईने एक बोट वर केलं.

"शू!" मी म्हणालो. आणि खालचं काम संपलंच आहे म्हणून चादर, कागद, पुठ्ठे, प्लास्टिक सगळं एका झटक्यात ओढून काढलं. "बघा बाई! एक डाग दाखवा!"

बाई वाकल्या. "सुरेख आहे हो. पण आमची चारशे मुलं. डबे सांडतात, रंग सांडतात. इतकी चादरी-पुठ्ठ्यांची बडदास्त कोण ठेवणार?"

"छे हो बाई," बायको घाईने म्हणाली. "काहीही सांडलं तरी निघतं."

"कधी सांडलंय?"

उत्तर मी दिलं, तेही छाती काढून.

"सांडेल कसं? मी आहे ना! आजवर थेंब पडू दिला नाही!"

"मग कळायचं कसं?" असं म्हणून बाईंनी हातातली वही मिटली. बायकोच्या चेहऱ्यावरचा उजेडही तिच्याबरोबर मिटला.

काहीतरी करायला हवं होतं. मी बॉनेट उघडलं, नरसाळं लावलं आणि नवंकोरं, मधाच्या रंगाचं ऑइल ओतायला लागलो. आईने दोन बोटं वर केली.

"आई, शू!"

डबा रिकामा झाला. मी मान वर केली. तिघी खाली बघत होत्या.

बगळ्याची चोच चमकत होती. मग मान. मग पंख. सोनेरी ओहोळ फांद्या फुटल्यासारखे सगळीकडे पसरत होते. चार लिटर!

"आता बोलू का?" आईने विचारलं.

"बोल!!"

आईने चष्म्याची डबी उघडली. "हे तू मागितलंच नाहीस."

बायको ओरडली नाही. ती आत गेली, लाकडाच्या भुशाचं पोतं घेऊन आली आणि मूठ मूठ भुसा पेरत गेली. भुशाने ऑइल प्यायलं. तिने तो खरवडून गोळा केला. पुन्हा भुसा. मग साबणाचं गरम पाणी, मग ब्रश. मी बादली धरून उभा. बादलीतलं मात्र सांडलं नाही हं!

अर्ध्या तासाने बगळा वर आला, नुकताच पाण्यातून उठल्यासारखा. बाईंनी दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून बघितलं. कोरडं. स्वच्छ.

"आत मुरलं नाही?"

"सांध्यांना दोनदा लेप दिलाय, बाई," बायको कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "माझं यांच्याशी लग्न झालंय. तयारी ठेवावी लागते."

बाईंनी वही उघडली. "पुढच्या महिन्यात सुरू करा. फक्त अंगण ताब्यात घेण्याआधी अशीच एक चाचणी घ्यायची. यांना पाठवाल ना?"

"पाठवते की! सांडायचं काम यांच्यावर निर्धास्त सोपवा."

आई शेंगा सोलता सोलता नुसती हसली. तिने यमकसुद्धा जुळवलं नाही. गरजच काय होती!

अंगण आता पुरं होत आलंय. चाचणीसाठी दूध, शाई, रंग आणि रस्सा अशी यादी बाईंनी पाठवली आहे. कालपासून मी पोर्चमध्ये भरला पेला घेऊन सराव करतोय. पण काय सांगू तुम्हाला, मुद्दाम सांडायला गेलो, की एक थेंब पडेल तर शपथ!