दह्याच्या डब्यातले चार दात

नियोजन पक्कं असेल तर माणसाला आयुष्यात काहीही कमी पडत नाही! डेट्रॉइटच्या एका मोटार कारखान्यात बावीस वर्षं सुटे भाग मोजून मी हे सिद्ध केलेलं आहे. आणि शहाण्णवच्या ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या चाळिसाव्या वर्षी, ट्रॉयमधल्या आमच्याच घरी मला चार मेणबत्त्या कमी पडल्या.

चाळीस वर्षं, चाळीस मेणबत्त्या, ही कल्पना माझी. इथल्या आमच्या बौद्ध मंडळाच्या पत्रिकेत मी विनोदी सदर लिहीत असे, त्यामुळे माझ्या कल्पनांना कुणी विरोध करत नसे. उगाच पुढच्या अंकात नाव यायचं! दुकानात मेणबत्त्यांची डझनाची पाकिटं मिळाली. मी रुबाबात तीन उचलली. पाढा घरी आल्यावर आठवला.

"छत्तीस लावा हो," माझी बायको शीला म्हणाली. "कोण मोजतंय?"

"इतिहास मोजतो!"

"मग इतिहासाला म्हणावं, येताना चार घेऊन ये."

आमची मुलगी उपासना तेव्हा घरात नव्हती. इंटरव्ह्यूच्या कोटाच्या बाह्या आखूड करून आणायला गेली होती. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डेंटल स्कूलचा इंटरव्ह्यू! त्यासाठी पोरीनं तीन वर्षं जीव काढला होता. केमिस्ट्री, प्रवेश परीक्षा, शिवाय दर शनिवारी एका डेंटिस्टच्या मागे उभं राहून परक्या लोकांच्या तोंडात डोकावणं. गेले दोन महिने तर ती बेसमेंटमध्ये बसून काहीतरी कोरत होती. काय, ते मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

पाहुणे यायला अर्धा तास उरला. मी शोधाशोध सुरू केली. इथे आमच्या घराचा एक नियम सांगतो. डब्यावर जे लिहिलेलं असतं, ते डब्यात कधीच नसतं. कुकीजच्या डब्यात सुया-दोरे, आइस्क्रीमच्या डब्यात कालची डाळ. दह्याच्या डब्यात दही शोधतात ते फक्त पाहुणे! तर फ्रिजमधला दह्याचा डबा उघडला आणि आत टिश्यूत गुंडाळलेले मेणाचे चार गोळे. पांढरट, अंगठ्याएवढे, वर खाचाखोचा पडलेले, खाली कुणाला एक तर कुणाला दोन फाटे. मी तत्काळ ओळखलं. शीलानं गेल्या वर्षीच्या जळक्या मेणबत्त्या जपून ठेवल्या होत्या! वात तेवढी आत बुडाली होती.

स्क्रूड्रायव्हर तापवला. प्रत्येक गोळ्यात वरून खोल भोक पाडलं. कुकीजच्या डब्यातला सुती दोरा आत खोचला. एक गोळा फाट्यांमुळे सरळ उभा राहीना, म्हणून त्याचे फाटे तासून टाकले. कारखान्यात बावीस वर्षं उगाच काढली नव्हती!

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर चाळीस ज्योती उजळल्या. वंदना झाली. मंडळाचे अध्यक्ष धर्मराज मेश्राम कॅमकॉर्डर घेऊन एकेक मेणबत्ती टिपत होते. शेवटच्या चारांपाशी ते थांबले.

"अनिलभाऊ, ही दाढ आहे का हो?"

मी वाकून पाहिलं. दाढ होती. शेजारी सुळा. पलीकडे पुढचा दात. बेसमेंटमधले दोन महिने माझ्या डोळ्यांसमोरून सरकन गेले.

"श्रीलंकेत तथागतांचा दात, दंतधातू, जपलाय, त्याची आठवण म्हणून ना?" धर्मराज म्हणाले. " काय डोकं आहे यार तुमचं!"

आता वाचकहो, त्या क्षणी फक्त फुंकर मारायची होती. पण टाळ्या सुरू झाल्या. विनोदी लेखकाला टाळ्या म्हणजे डायबेटिसवाल्याला जिलेबी!

"सुचलं आपलं," मी म्हणालो. लोकांनी "दोन शब्द, दोन शब्द" केलं. मी सहा मिनिटं बोललो. सहा मिनिटांत मेण बरंच वितळतं.

दार उघडलं. उपासना. हातात हँगरला लावलेला कोट.

"बाबा, व्हाय इज माय मोलर ऑन फायर?"

धर्मराजांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. आता मी फुंकर मारली.

"मऊ पडू नयेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवले होते! उद्या दाखवायचेत. स्वतः कोरलेले चार दात. दे आस्क्ड फॉर फोर!"

"चार आहेतच की," मी म्हणालो. हे वाक्य मला आजतागायत परत घेता आलेलं नाही.

शीलानं एक दात उचलून उजेडात धरला. "यात हे भोक कुणी पाडलं?"

"रूट कनाल केलंय," उपासना म्हणाली. "विदाउट लायसन्स."

पुन्हा कोरायला वेळ नव्हता. तेच चार अवशेष घेऊन ती गेली. आमच्या घरात दातांच्या मेणबत्त्या कशा झाल्या, तेही तिनं तिथे खरंखरं सांगितलं. तिन्ही परीक्षक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले म्हणे. तीन आठवड्यांनी पत्र आलं. हस्तकौशल्याचा नमुना अपुरा. यंदा जागा नाही.

वर्षभर तिनं एका दवाखान्यात हत्यारं धुतली आणि दात पुन्हा कोरले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. पण वर्ष गेलंच. कारखान्यात सुटा भाग कमी पडला तर मागवता येतो. वर्ष कुठून मागवणार? त्यावर कळस म्हणजे, हा सगळा प्रकार मी पत्रिकेत लिहिला. मंडळ पोट धरून हसलं. उपासनानं वाचला, "गुड वन, बाबा," म्हणाली आणि वर खोलीत निघून गेली.

आता तिचा नेपरव्हिलला दवाखाना आहे. गेल्या महिन्यात माझी दाढ ठणकली. खुर्चीत बसलो, दिवा डोळ्यांवर आला, बधिर करायचं इंजेक्शन झालं. मी माफीचं भाषण पाठ करून नेलं होतं. आयुष्यातलं एकमेव, विनोद नसलेलं.

"उपासना, त्या दाढेबद्दल बोलायचंय."

"कुठली? ही डावी?"

"शहाण्णवची."

तिनं मास्क खाली केला, माझ्या तोंडातला कापूस काढला आणि स्टूल जवळ ओढून बसली.

"बोला बाबा."

अर्धा जबडा बधिर. भाषणातला एक शब्द आठवेना. ती वाट बघत होती.

"बेटा," मी म्हणालो, "चूळ भरू का?"