पौनीकरकाकांची तार आणि माझा ड्रायर

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरी काय चाललंय हे कळायला पौनीकरकाकांना कोणाच्या घरी जावं लागत नाही. ते सकाळी गच्चीवर जातात, हात मागे बांधून वाळत घातलेल्या कपड्यांखालून एक फेरी मारतात आणि खाली येऊन बातम्या देतात.

"दुसऱ्या माळ्यावर पाहुणे आले. चार टॉवेल जास्त हायेत, त्यातला एक हॉटेलातून उचललेला."

"तिसऱ्या माळ्यावरच्या पोराले नोकरी लागली. तीन नवे शर्ट, तिन्ही फिक्कट."

आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "तारेवर सारं लिहिलं असते गा. वाचता आलं पाहिजे." त्यांच्या संगतीने आता निम्मी बिल्डिंग तार वाचायला शिकली आहे.

काका मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडिलांच्या हातमागाशेजारी मोठे झाले, पुढे सरकारी कचेरीत लागले आणि निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर आले. पण कापड दिसलं की हात आपोआप पुढे जातो. माझ्या घरच्या पार्टीत त्यांनी माझ्या साहेबांच्या कुर्त्याची बाही दोन बोटांत धरून "यात सुती काहीच नाही, फसवलं तुम्हाले" असं जाहीर केलं होतं. साहेब अजून माझ्याशी जपून बोलतात.

काकू शाळेत शिकवायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना 'बाई' म्हणते. गेलं वर्षभर त्या गच्चीवर काय, जिन्यातही दिसल्या नव्हत्या. विचारलं तर काका म्हणत, "गुडघे धरले तिचे."

आता माझ्याविषयी. बादली घ्यायची तरी मी आधी चार लोकांचं मत घेतो. त्यामुळे आमची जुनी वॉशिंग मशीन बंद पडली तेव्हा मी दीड महिना व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ते केले, आणि ऑफिसात डबा खाताना लोक माझ्या टेबलावर बसेनासे झाले. अखेर मी जाहीर केलं: फ्रंट लोड घ्यायची, आणि तिच्या डोक्यावर ड्रायर.

"ड्रायर? नागपुरात?" बायको, म्हणजे सुनीता, एवढंच म्हणाली.

मी तिला धूळ, दमट हवा, कापडाचं आयुष्य वगैरे पुष्कळ ऐकवलं. खरं कारण एवढंच, की पुण्याच्या साडूकडे ड्रायर आहे आणि आम्ही गेलो की तो त्यावर हात ठेवूनच बोलतो.

सीताबर्डीच्या दुकानात काका न बोलावता सोबत आले. मशीनच्या गोल दारातून आत डोकं घालून त्यांनी ड्रमला बोटांनी चाचपलं. "हे बरं हाय. काच हाय. कपड्याचं काय होऊन राहिलं ते दिसते तरी." मग त्यांची नजर ड्रायरवर गेली. तो काय करतो हे सेल्समनने समजावून सांगितलं, आणि काका इतके हसले की शेजारच्या टीव्ही विभागातली माणसं बघायला आली.

"काहून घेतं गा हे? मे महिन्यात आपल्या गच्चीवर माणसाचा पापड होते, अन् तुले कपडे वाळवाले मशीन पाहिजे? आन् हातमागाचं कापड यात टाकू नको बरं. चादर टाकशीन तर रुमाल होऊन निघन."

मी हट्टाने ड्रायर घेतला. दीड महिन्याच्या अभ्यासात मी सगळं मोजलं होतं, फक्त न्हाणीघराचं दार मोजलं नव्हतं. मशीन दोन बोटं जास्त भरली. तेव्हापासून ती जोडगोळी आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी उभी आहे. पाहुणे आले की आधी चहा घेतात आणि मग आमच्या चड्ड्या गोल फिरताना बघतात.

गच्चीवर तर काकांना रोजचा खुराक मिळाला. "हा पाहा नागपुरात ड्रायर घेतलेला माणूस!" अशी ते माझी ओळख करून देत. ड्रायर तोवर दोनदाच लागला होता, पण कबूल कसं करणार? मी एकदा कोरडेच टॉवेल आत टाकून तो चालवला, खाली आवाज जावा म्हणून.

मग श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सुटी होती, सुनीता बाजारात गेली होती. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात काका, हातात भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. आत येऊन ते सोफ्यावर टेकले.

"तुझं ते वरचं मशीन चालू हाय का?"

या वाक्याची मी आठ महिने वाट पाहत होतो. "काय काका, आलात ना शेवटी! आन् आज तर कडक ऊन हाय. तुमची तार काय संपावर गेली?"

काका हसले नाहीत. त्यांनी मेथी बाजूला ठेवली. खाली घट्ट पिळलेली, लाल काठाची पांढरी चादर होती.

"ही तर हातमागाची," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणाले होते, रुमाल होईन."

"आटली तर आटली." ते म्हणाले, "गुडघे चांगले हायेत तुझ्या काकूचे. तिले आता समजत नाही गा काही. अंथरुणातच होते तिच्यानं. रोज."

मी त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसलो.

"नव्या चादरीवर निजत नाही. म्हणते, हे आपलं घर नाही, मले घरी नेऊन द्या. बाबानं विणलेल्या ह्या तीन चादरी हायेत. हा काठ हाताले लागला का निजते. धुतो मीच. उन्हाळ्यात पंख्याखाली वाळून जात होत्या, या झडीत वास धरला. तारेवर रोज एक चादर दिसली तर सारे वाचतीन. वाचाले मीच तर शिकवलं साऱ्यायले." त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "बाई म्हणते तिले सारी बिल्डिंग. तसंच म्हणू दे."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. मी चादर आत टाकली आणि तक्त्यात पाठ केलेलं सगळं विसरून तीनदा चुकीचं बटण दाबलं. आम्ही दोघे काचेसमोर बसून राहिलो. चादर निघाली ती गरम, मऊ आणि चार बोटं आखूड. काकांनी ती वितीने मोजली, घडी केली आणि मेथीखाली ठेवून नेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "गरम चादर अंगावर घेतली तर हसली ती," म्हणाले.

तेव्हापासून ते रोज अकराला येतात. पिशवीवरची मेथी मात्र तीन दिवस तीच होती, पार माना टाकलेली. मी सुनीताला सगळं सांगितलं होतंच. चौथ्या दिवशी तिने ताजी जुडी वर ठेवून दिली.

मग एका रविवारी गच्चीवर दुसऱ्या माळ्यावरच्या मेश्रामबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काहून हो, तुमचा ड्रायर रोज अकराला घुरघुरते. दोन माणसांचं एवढं काय वाळवता?"

तारेखाली काका उभे होते. त्यांचा हात होता तिथेच थांबला.

"मला रोज गरम चादर लागते," मी म्हणालो. "त्याशिवाय झोपच येत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मग काकाच ओरडले, "नवाब हाय हा, नवाब! नागपुरात राहून याले गरम चादर पाहिजे!" सगळी गच्ची हसली. शेवटी काकांचा आवाज जरा फाटला, पण त्या हसण्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. आता वॉचमनही मला नवाबसाहेब म्हणतो, आणि बातमी पुण्याच्या साडूपर्यंत पोचली आहे.

काल, सुटीच्या दिवशी, अकरा वाजता जिन्यातूनच हाक आली, "नवाबसाहेब, हाय का घरी?" काका आत आले, दार लावलं आणि मेथी सुनीताकडे दिली. चादर वाळून निघाल्यावर त्यांनी ती पुन्हा वितीने मोजली.

"आता नाही आटत," ते म्हणाले. "अन् काठ शाबूत हाय गा."

मग ती गार व्हायच्या आत ते लगबगीने खाली गेले.