संस्थापकाचं नाक

व्यापारी संघाची शताब्दी तोंडावर आली आणि आजवर कुणालाही न पडलेला प्रश्न अध्यक्षांना कार्यकारिणीच्या बैठकीत पडला. संघ स्थापन नक्की केला कुणी? प्रश्न पडला म्हणण्यापेक्षा त्यांनी तो उत्तरासकटच आणला होता. बाजारातलं सर्वांत मोठं कापडाचं दुकान त्यांचं, आणि आवाजही दुकानाला साजेसा.

"आमच्या आजोबांनी," ते म्हणाले. "चिटणीस, स्मरणिकेत तसं लिहून टाका."

चिटणीस लिहून टाकण्यासाठीच होते. शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले, तेव्हा संघाने त्यांना कचेरीच्या वरच्या दोन खोल्या राहायला दिल्या आणि बदल्यात हे पद गळ्यात मारलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तोच समोरून लाकडाच्या वखारीचे मालक असलेले उपाध्यक्ष खाकरले.

"व्याहीबुवा, तुमचे आजोबा तेव्हा पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार हिंडत होते. संघ आमच्या आजोबांच्या वखारीत स्थापन झाला."

अध्यक्षांची लेक उपाध्यक्षांच्या घरात दिलेली होती. संघाच्या मध्यस्थीने बाजारात झालेला आणि दोन्ही बाजूंना फायदेशीर ठरलेला तो एकमेव व्यवहार. दुसऱ्या दिवशी ती सुटकेस घेऊन माहेरी आली. सासऱ्यांनी जेवताना तिच्या पणजोबांना 'फेरीवाला' म्हटलं होतं.

चिटणीस बिचारे इतिहासाचे माणूस. त्यांना वाटलं, खरं काय ते शोधावं. म्हणून ते संघाच्या सर्वांत वृद्ध सभासदाकडे, छत्रीवाल्या आजोबांकडे गेले.

"अहो, आमचे वडील सांगायचे, तेव्हा प्रत्येकाचं वजन वेगळं," छत्रीवाले म्हणाले. "एकाकडचा शेर दुसऱ्याकडे पाऊण भरायचा. गिऱ्हाइकं बोंबलायला लागली. मग सगळे एकत्र बसले आणि यापुढे सारख्याच मापाने फसवायचं ठरलं. पुढे कर वाढला तेव्हा त्याविरुद्ध अर्ज केला. मग सगळ्यांत मिळून एक टेलिफोन घेतला. आसपासच्या गावांतले संघ काही वेगळे जन्मले नाहीत."

"पण पुढाकार कुणी घेतला?"

"कुणीच नाही. आपल्या पाठीमागे काय ठरेल या भीतीने जो तो आला."

हा इतिहास खरा असावा, पण गुळगुळीत कागदावर छापण्याजोगा नव्हता. चिटणीसांनी तडजोड म्हणून दोन्ही आजोबांची नावं घातली, तर आधी कुणाचं यावर पुन्हा जुंपली. तोवर तेलवाल्यांना आपलेही आजोबा आठवले. मग भांडीवाल्यांना. चपलांच्या दुकानदाराला आजोबा आठवेनात, तेव्हा त्याने आजी पुढे केली.

"लवकर काय ते ठरवा," अध्यक्ष एकदा जिन्यात म्हणाले. "वरच्या खोल्या हवेशीर आहेत, नाही का? दुसरं कुणीही आनंदाने राहील तिथे."

चिटणीसांची झोप उडाली. त्यांच्या बायकोने मात्र भाजी चिरता चिरता निकाल लावला. "अहो, कुणाचंच नाव घालू नका. शेजारणीलाही मिळालं नाही म्हटलं की आपल्याला न मिळाल्याचं दुःख राहत नाही माणसाला."

चिटणीसांनी लिहिलं, 'प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या एका अज्ञात संस्थापकाने या वृक्षाचं बीज रोवलं.' सगळे खूश झाले. इतके खूश की अध्यक्षांनी त्या अज्ञात महापुरुषाचा अर्धपुतळा कचेरीसमोर बसवायचं जाहीर करून टाकलं. अज्ञात माणसाचा चेहरा कसा असेल, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काही दिवसांनी चिटणीस मूर्तिकाराकडे डोकावले. तो डोक्याला हात लावून बसला होता.

"अध्यक्षांनी येऊन आजोबांचं कपाळ सांगितलं," तो म्हणाला. "उपाध्यक्षांनी त्यांच्या आजोबांचं नाक. तेलवाल्यांची हनुवटी आहे. काल अध्यक्ष परत आले. म्हणाले, बाकी काहीही करा, नाक त्यांचं नको."

"मग आता?"

"आता माझ्या मनाने करतो. तुम्ही घरी जा."

अनावरणाच्या दिवशी सगळा बाजार लोटला. पडदा सरकला आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. पुतळ्याचं कपाळ अरुंद होतं, नाक पोपटासारखं, आणि ओठ आत्ताच कुणाला तरी 'उद्या या' म्हणून मिटल्यासारखे. प्रत्येक व्यापाऱ्याने त्यात आपले आजोबा शोधले. सापडले नाहीत. मग दुसऱ्यांचे शोधले. तेही सापडले नाहीत, तेव्हा चेहरे हळूहळू उजळले.

"काय तेज आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तेज आहे खरं," उपाध्यक्ष म्हणाले.

इतक्यात मागून एक बाई म्हणाली, "अगंबाई, हे तर बाबा."

ती मूर्तिकाराची बायको होती. तिच्या शेजारी तेच कपाळ, तेच नाक आणि तेच ओठ घेऊन एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते आणि पुतळ्याकडे कौतुकाने पाहत होते.

"काय केलंस हे?" चिटणीस मूर्तिकाराच्या कानात पुटपुटले.

"नमुन्याला माणूस कुठून आणू? सासरे घरातच असतात. दिवसभर हलत नाहीत."

चिटणीसांच्या डोळ्यांसमोर आपलं सामान रस्त्यावर दिसू लागलं. अध्यक्ष पुढे आले. "हे गृहस्थ व्यापारी आहेत?"

"नाही. जन्मभर पोस्टात होते," मूर्तिकार म्हणाला.

"बाजारात कुणाचे नातेवाईक?"

"कुणाचेच नाहीत."

व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग हरकत नाही," दोघं एकदमच म्हणाले. संघाच्या इतिहासातला एकमताने झालेला तो पहिला ठराव. संध्याकाळी लेक सुटकेस घेऊन सासरी परतली आणि चिटणीस हवेशीर खोलीत गाढ झोपले.

पुढच्या आठवड्यात ते स्मरणिकेची प्रत द्यायला अध्यक्षांच्या दुकानात गेले, तर गल्ल्यासमोर पोस्टातले म्हातारे उभे होते. त्यांनी भारीतल्या भारी कापडावर बोट ठेवलं आणि चेहरा जरा बाजूला वळवला, म्हणजे नाक नीट दिसावं.

"संस्थापकांना काय सवलत असते?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. मग त्यांना दिसलं की समोरच्या फुटपाथवर उपाध्यक्ष उभे राहून कान टवकारून ऐकताहेत. हे संस्थापक नाहीत म्हणावं, तर मग कोण, हे आलंच.

"निम्मी," ते कसंबसं म्हणाले.

"असं?" म्हातारे म्हणाले. "तुमच्या व्याह्यांनी आरामखुर्चीचं लाकूड तसंच दिलं. म्हणाले, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे."

अध्यक्षांनी मुकाट्याने कात्री उचलली आणि शर्टाबरोबर पँटचंही कापड कापलं.