हॅलोबाईंचा मौनाचा तास

हॅलोबाईंनी रात्री जेवताना जाहीर करून टाकलं, "उद्यापासून सकाळचा पहिला तास मी बोलणार नाही. एक शब्दसुद्धा नाही."

नवऱ्याचा जीव टीव्हीवरच्या मॅचमध्ये अडकला होता. तो म्हणाला, "हो हो, चालेल." सासूबाई भाजीत मीठ जास्त झालंय की आपल्यालाच तसं वाटतंय या विचारात होत्या. त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ बाई." अशा रीतीने ठराव एकमताने मंजूर झाला आणि तो कुणीही ऐकला नाही.

हॅलोबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार कक्षात दिवसभर फोन उचलून त्यांना अशी सवय जडली होती, की घरची बेल वाजली तरी दार उघडताना त्या "हॅलो, बोला" म्हणायच्या. इमारतीतल्या पोरांनी ते नाव ठेवलं आणि मोठ्यांनीही उचललं. दिवसभर लोकांचे नळ, लोकांच्या टाक्या आणि लोकांचा संताप ऐकून शेवटी त्यांचा घसा बसला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"घसा थकलाय," डॉक्टर आत बघत म्हणाले, "आणि त्याच्या वरचा मजलाही थकलाय. रोज सकाळी एक तास स्वतःसाठी काढा. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, लिहून दाखवणं नाही, फोन नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं?" हॅलोबाईंनी घाबरून विचारलं. एवढं कडक औषध त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

स्वतःसाठी सवयी लावायचा प्रयत्न त्यांनी पूर्वीही केला होता. उठल्या उठल्या गरम पाणी प्यायचं ठरवलं, तर ते पाणी नवरा दाढीला न्यायचा. संध्याकाळी फिरायला जायचं ठरवलं, तर "जातेच आहेस तर" असं म्हणून घरातला प्रत्येकजण काहीतरी आणायला सांगायचा, आणि फिरायला निघालेली बाई हमाल होऊन परतायची. झोपताना पायांना तेल चोळायला लागल्या, तर तेलकट झालेल्या फरशीवरून नवरा असा काही घसरला की पुढे त्याचेच पाय चोळत बसावं लागलं. प्रत्येक सवय अशी दुसऱ्याच्या कामी येऊन मेली होती. ही एक मात्र काहीही झालं तरी मोडू द्यायची नाही, असा त्यांनी पण केला.

सकाळी उठून, तोंड धुऊन, मोबाईलवर तासाभराचा गजर लावून त्या बाल्कनीतल्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. पहिली काही मिनिटं खरोखर छान गेली.

"अगं, माझे मोजे कुठायत?" आतून नवऱ्याचा आवाज आला.

हॅलोबाई गप्प.

"अगं, मोजे!"

गप्प. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही असं कधी घडलं नव्हतं. तो चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. लोकांच्या डोळ्यांतला दोष त्याला चटकन कळायचा, पण बायकोच्या मिटलेल्या डोळ्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. तो अनवाणी बाल्कनीच्या दारात येऊन उभा राहिला. एकदा खोकला. मग दुसऱ्यांदा खोकला.

"तुला कळलं वाटतं," तो हळूच म्हणाला.

हॅलोबाईंनी खाडकन डोळे उघडले.

"मी सांगणारच होतो गं. ताईच्या स्वयंपाकघराच्या फरशा बदलायच्यात. मग मीच म्हटलं, काम होईपर्यंत सगळे आमच्याकडे या. रविवारी येतायत. म्हणजे ताई, भावोजी आणि दोन्ही पोरं. फार तर महिनाभर. गवंड्यानं दगा दिला तर जरा जास्त."

हॅलोबाईंच्या घशात एकाच वेळी इतके प्रश्न आले की त्यांची चेंगराचेंगरी झाली. कुठं झोपवणार? कधी ठरलं? आपल्याला कोण विचारणार होतं? त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरले. निघताना डॉक्टरांनी खोल श्वास घ्यायलाही सांगितलं होतं. त्यांनी तो असा घेतला की नवरा दोन पावलं मागे सरकला.

"आई!" तो आत पळत म्हणाला, "ही बोलत नाहीये!"

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. नुसती फुत्कारतेय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः चहा केला, कप सुनेच्या हातात दिला आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

"तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आवाज ओळखलास ना शेवटी?"

कुठला आवाज? हॅलोबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"असं बघू नकोस गं. रोज दुपारी तुमच्या कचेरीत फोन करून पाण्याला वास येतो म्हणणारे ते आजोबा आहेत ना? ते मीच."

हॅलोबाईंनी कप खाली ठेवला. वासवाले आजोबा म्हणजे सगळ्या तक्रार कक्षाचं दुखणं होतं. रोज दुपारी त्यांचा घोगऱ्या आवाजातला फोन यायचा. आधी पाण्याचा वास, मग गुडघे, मग आजकालची तरुण पिढी. वर त्यांना ऐकूही कमी यायचं, त्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून परत सांगावं लागायचं. हॅलोबाईंचा अर्धा घसा त्या आजोबांनीच खाल्ला होता.

"ऐकू येत नाही म्हटलं की तू परत सांगायचीस," सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या. "मला बरं वाटायचं. दुपारी हे घर कसं खायला उठतं गं. तू संध्याकाळी येतेस ती घसा धरूनच. 'आई, आता मला बोलायला लावू नका.' तिथं मात्र 'बोला काका, मी ऐकतेय' म्हणतेस. इतक्या गोडीनं मला या घरात कोण विचारतं? आणि पत्ता विचारलास तेव्हा तोंडात चटकन ताईचीच गल्ली आली. म्हटलं, कोण बघायला जातंय?"

हॅलोबाईंना त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्यांच्यावर जोरात ओरडावंसंही वाटलं. दोन्ही जमेना, कारण एव्हाना त्यांना तिसरीच गोष्ट आठवली होती. आजोबांची कटकट कायमची मिटावी म्हणून कालच त्यांनी त्या तक्रारीवर 'अति तातडीचे' असा शेरा मारला होता. म्हणजे आज सकाळीच माणसं नणंदेच्या गल्लीत खणायला जाणार होती. नसलेला वास शोधायला!

त्या ताडकन उठल्या. मग बसल्या. मग परत उठल्या. गजर वाजायला अजून वेळ होता. एक शब्द बोललं तर सवय मोडणार, नाही बोललं तर रस्ता मोडणार. त्या बाल्कनीत अशा येरझारा घालू लागल्या की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत जमले.

"आई, काय सांगितलंत तिला?" नवरा दारातूनच ओरडला. "मघाशी निदान बसलेली तरी होती!"

तेवढ्यात हॅलोबाईंचा मोबाईल वाजला. त्यांना वाटलं गजरच झाला, आणि त्यांनी झडप घातली. पण पडद्यावर कचेरीतल्या साहेबांचं नाव होतं. त्यांनी मोबाईल निखारा असावा तसा नवऱ्याच्या हातात टाकला. त्याने घाबरून भलतंच बटण दाबलं आणि साहेबांचा आवाज साऱ्या बाल्कनीत घुमला.

"बाई, मी स्वतः गल्लीत उभा आहे. इथं सगळे म्हणतायत पाण्याला वासबीस काही नाही. तक्रार खरी आहे ना? माणसं कुदळ उचलून उभी आहेत. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"साहेब, ती बोलत नाहीये," नवरा म्हणाला.

"का?"

"रागावलीय."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्यावर? बाई, तुमच्या रजेच्या अर्जाबद्दल कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, वरून नामंजूर झाला असं मी म्हटलं खरं, पण तो वर गेलाच नव्हता. माझ्याच खणात राहिला. उद्या पाठवतो. आज पाठवतो!"

हॅलोबाईंनी कपाळावर हात मारला. ही खाणाखूण धरायची की नाही, हा वादाचा मुद्दा होता. सासूबाईंना मात्र सुनेचे हाल बघवेनात. त्यांनी मुलाच्या हातून मोबाईल हिसकावला, घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "अहो साहेब, खणू नका! पाण्याला आता अजिबात वास येत नाही. सकाळीच दोन पेले प्यालो!"

"आजोबा?" साहेब चक्रावले. "तुम्ही आमच्या बाईंच्या घरी काय करताय?"

सासूबाईंनी खोकल्याची उबळ आणली. तेवढ्यात साहेबांच्या मागून एक बाई कडाडली, "कोण आहेत ते आजोबा? द्या इकडे! माझ्या दारात खड्डा करायला लावणारा कोण तो बघतेच." तो नणंदबाईंचा आवाज होता. "हॅलो! कोण बोलतंय?"

"मी आपला एक म्हातारा माणूस," सासूबाई घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या.

"आई?" नणंदबाई किंचाळल्या. "साहेब, ही माझी आई आहे! लहानपणी गोष्ट सांगताना राक्षसाचा आवाज ती असाच काढायची!"

"थांबवा रे!" साहेब ओरडले. पण त्या ओरडण्याने दचकून कुणाच्या तरी हातातली कुदळ खाली आली असावी. आधी ठण्ण असा आवाज आला. मग जोराचा फवारा उडाल्याचा आवाज आला, मग बरीच आरडाओरड, आणि फोन बंद पडला.

बाल्कनीत आता मौन सगळ्यांनीच धरलं होतं.

नणंदबाईंचं घर काही फार लांब नव्हतं. थोड्याच वेळात बेल वाजली. दारात नणंदबाई, भावोजी आणि दोन पोरं उभी होती. चौघंही नखशिखांत भिजलेली आणि चौघांच्याही हातात बॅगा. "पाणी तोडलंय," नणंदबाई म्हणाल्या. "रविवारी यायचं ते आजच आलो. वहिनी, तुला चालेल ना?"

सगळे हॅलोबाईंकडे बघू लागले. नवऱ्याने हात जोडले होते. सासूबाई दाराआडून डोकावत होत्या. बॅगांमधून गळणाऱ्या पाण्याचं तळं हळूहळू सोफ्याकडे सरकत होतं. आणि तेव्हाच गजर वाजला.

तासभर तुंबलेलं सगळं आता बाहेर पडणार, म्हणून नवऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले. हॅलोबाईंनी शांतपणे गजर बंद केला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मोजे दोरीवर आहेत."

त्यानंतर त्यांनी जे काही ऐकवलं ते कचेरीला निघेपर्यंत पुरलं, पण ते त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून फक्त नवऱ्याला ऐकवलं. सासूबाईंना त्या एवढंच म्हणाल्या, "आई, उद्यापासून दुपारच्या सुट्टीत मीच तुम्हाला फोन करत जाईन. वासाबद्दल बोलायचं नाही. गुडघ्यांबद्दल चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवाणखान्यात घोरत पडलेल्या पाहुण्यांना ओलांडत हॅलोबाई बाल्कनीत गेल्या. आता घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी काही कबूल करायचं शिल्लक नव्हतं. आजचा तास निवांत जाणार होता.

शेजारच्या स्टुलावर सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. ताठ, ओठ घट्ट मिटलेले. हॅलोबाईंनी हसून मान हलवली. सासूबाईंनीही नुसती मान हलवली.

हॅलोबाईंनी डोळे मिटले. आई अशा गप्प का? रोज उठल्यापासून यांचं तोंड चालू असतं. आपण काल फार लागेल असं बोललो का? त्यांनी एक डोळा किलकिला केला. सासूबाई समोर बघत होत्या. ओठ तसेच मिटलेले. हॅलोबाईंनी खुर्चीत कूस बदलली. पायावर पाय टाकला. मग तो काढला. मग त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. यांना ते कळलं तर नसेल? कळलंच असणार. नाहीतर एवढा अबोला कशाला?

"आई," त्या शेवटी फुटल्याच, "मी सांगणारच होते हो! तुम्ही यांच्यासाठी विणलेला निळा स्वेटर गावाला जाताना गाडीत राहिला म्हणून सांगितलं ना, तो राहिला नव्हता. मी मशीनमध्ये टाकला आणि तो एवढासा झाला. मग टाकवेना, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना दिला. त्यांच्या कुत्र्याला. परवा जिन्यात तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालात ना, विणकाम कसं अगदी माझ्यासारखं आहे, तो तोच!"

सासूबाईंनी डोळे मोठे केले. तोंडातून अवाक्षर न काढता त्या उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या तेव्हा त्यांनी कवळी बसवली होती.

"दात पाण्यात भिजत होते," त्या म्हणाल्या. "घरात पाहुणे, जावई. बोळकं तोंड घेऊन कशी बोलणार? म्हणून गप्प बसले होते. काय म्हणालीस, कुठला स्वेटर?"

हॅलोबाईंनी घाईघाईने डोळे मिटून घेतले.

सासूबाई पुन्हा स्टुलावर बसल्या, समोर बघू लागल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. आता मात्र दात तोंडातच होते.